एकच माणूस पाठवा

१

माझं काम म्हणजे बसल्या जागी माणसं पळवायची. आमच्या कंपनीकडे देखभालीला असलेली लिफ्ट शहरात कुठेही बंद पडली की फोन माझ्या टेबलावर येतो, आणि कुठला मेकॅनिक कुठे जाणार ते मी ठरवते. समोर पडद्यावर नकाशा असतो, नकाशावर हिरवे ठिपके. एक ठिपका म्हणजे आमचा एक माणूस.

मदतीला कंपनीने एक प्रोग्राम घेऊन दिला आहे. कॉल आला की सगळ्यात जवळचा ठिपका शोधायचा आणि काम त्याच्या गळ्यात टाकून मोकळं व्हायचं, एवढंच तो करतो. आम्ही त्याला ‘शहाणा’ म्हणतो. शहाण्याला अंतर कळतं, माणूस कळत नाही. कोणाची पाठ धरली आहे, कोणाची मोटरसायकल कुरकुरते आहे, कुठल्या रस्त्यावर खोदून ठेवलं आहे, हे त्याच्या गावी नसतं. म्हणून तो लावतो आणि मी फिरवते. आमचा दिवसभर हाच संसार. नियम एकच. लिफ्टमध्ये माणूस अडकला असेल तर तो कॉल सगळ्यांच्या आधी.

त्या दिवशी सकाळपासून वारा सुटला होता. कोरडा, धुळीचा, पत्रे उचकटणारा. वीज पाच मिनिटं टिकत नव्हती. वीज गेली की लिफ्ट थांबते आणि आली की रुसून बसते, त्यामुळे फोनची रांग लागली होती. मी लावलेलं वेळापत्रक चहा निवायच्या आत शिळं होत होतं. पुलावर झाड पडलं, फिरवा. बाजाराकडची वीज गेली, फिरवा.

“वहिनी, मी माणूस आहे का भोवरा?” नवरदेव फोनवर ओरडला. नवरदेव म्हणजे माझा धाकटा दीर. नुकतंच लग्न झालेलं, म्हणून कंपनीत सगळ्यांनी हे नाव पाडलं. मला ऑफिसात वहिनी म्हणणारा तो एकटाच, बाकी सगळे ताई म्हणतात.

“भोवराच आहात भावजी. फिरा.”

त्याच्यामागे वारा घोंघावत होता. त्या दिवशी प्रत्येक फोनमागे तोच आवाज होता. लिफ्टमधल्या अलार्मच्या फोनवरसुद्धा, कारण लिफ्ट ज्या उभ्या पोकळीतून वरखाली होते त्या शाफ्टमध्ये वारा शिरला की बासरीसारखा वाजतो. ऐकून ऐकून माझे कान बधिर झाले होते.

म्हणूनच पुढचा फोन आला तेव्हा मला वाटलं, लाइनच मेली.

मग त्या शांततेतून कोणीतरी अगदी सावकाश बोललं. “लिफ्ट अडकली आहे. एकच माणूस पाठवा.”

२

लिफ्टमध्ये अडकलेली माणसं कशी बोलतात हे मला चांगलं ठाऊक आहे. ती रडतात, शिव्या घालतात, माझी छाती दुखते म्हणतात, तुमचा मालक कोण ते विचारतात. किती माणसं पाठवायची हे आजवर कोणी सांगितलेलं नाही.

“आत किती जण आहात?” मी विचारलं.

“एकच माणूस पाठवा.”

“घाबरू नका, पाठवते. तुम्हाला बरं वाटतंय ना?”

फोन बंद झाला. श्वाससुद्धा ऐकू आला नव्हता. पडद्यावर पत्ता उमटला होता. पेट्रोल पंपाच्या मागची, एका कापड कंपनीची जुनी कचेरी. बहुतेक मजले रिकामे पडलेले, पण लिफ्ट अजून आमच्याकडेच देखभालीला होती. म्हटलं, आला असेल कोणी जुनं सामान न्यायला. काही माणसं घाबरली की उलट शांत होतात. माझी मावशी नाही का, घरात साप निघाला तेव्हा कोणत्या चपलेने मारायचा यावर चर्चा करत बसली होती!

जवळचा ठिपका मुनीमचा होता. मुनीम म्हणजे आमच्यातला सगळ्यात काटेकोर मेकॅनिक. काढलेला प्रत्येक स्क्रू फडक्यावर ओळीने मांडणार, पुन्हा बसवताना मोजणार. त्याच्या हातची लिफ्ट वर्षभर तोंड उघडत नाही.

तो पोचल्यावर त्याचा फोन आला. मागे वारा रोंरावत होता. “ताई, दाराशी आहे. लिफ्ट चौथ्यावर दिसते. जिन्याने जातो.”

“जा. आणि आतल्या माणसाशी बोलत राहा.”

त्यानंतर हॉस्पिटलचा कॉल आला. स्ट्रेचरवरचा पेशंट दोन मजल्यांच्या मध्ये अडकला होता. तिकडे मी जिराफला पिटाळलं. हा आमचा ताडमाड उंच मेकॅनिक, नेहमीच वाकून बोलतो. मग एका इमारतीत बाई आणि तिची लहान मुलगी अडकली, तिकडे जोडगोळी गेली. हे दोघे कायम एकत्र काम करतात आणि कायम भांडतात. या सगळ्या धावपळीत मुनीमचा ठिपका मात्र जागचा हलला नव्हता.

मी त्याला फोन लावला. पहिल्याच घंटीला उचलला.

“मुनीम, झालं का?”

आवाज त्याचाच होता. “एकच माणूस पाठवा.”

मागे वारा नव्हता. इथे आमच्या ऑफिसच्या खिडकीची काच खडखडत होती, आणि फोनच्या त्या टोकाला, त्याच शहरात, पानसुद्धा हलत नसावं अशी शांतता.

३

मी स्वतःला समजावलं. जाड भिंतींच्या इमारती असतात. मुनीम कामात गुंतला की तोडकंच बोलतो. दार जाम झालं असेल, दुसरा हात हवा असेल. सगळं पटण्यासारखं होतं. तरी पटत नव्हतं.

मी विचार करत बसले, शहाणा बसला नाही. मुनीमच्या मोबाइलवरून ‘मदत हवी’चं बटण दाबलं गेलं होतं आणि शहाण्याने तो कॉल जवळच्या ठिपक्याला लावूनही टाकला. नकाशावर नवरदेवाचा ठिपका पेट्रोल पंपाकडे वळताना दिसला.

मी झटकन फोन लावला. “भावजी, कुठे आहात?”

“हा काय, दाराशीच!” वाऱ्यामुळे तो किंचाळून बोलत होता. “तोंडात इतकी धूळ गेली की जेवायची गरज नाही.”

“आत जाऊ नका. थांबा तिथेच.”

“काय? ऐकू येत नाही वहिनी! आत जाऊन बोलतो.”

मग वारा कापल्यासारखा थांबला. दार लावल्यावर आवाज कमी होतो तसा नाही. पुसूनच टाकला कोणी.

“हं, बोला,” तो म्हणाला. त्याच्या बुटांचा आवाज येत होता, एकेक पायरी चढतानाचा. “इथे एकदम गप्प आहे हो सगळं. कानांना दडे बसल्यासारखं झालंय.”

“भावजी, मागे फिरा. आत्ताच्या आत्ता. माझं ऐका.”

“अहो मुनीमकाका दिसतायत की. लिफ्टचं दार उघडंच आहे. आत उभे आहेत, पाठमोरे.” तो हसला. “काका! कोपऱ्यात तोंड घालून काय उभे राहिलात? बाईंनी शिक्षा केली का?”

बूट आणखी दोन पावलं पुढे वाजले.

“काका?” बुटांचा आवाज फरशीवरून लिफ्टच्या पत्र्यावर गेला. मग त्याचा स्वर बदलला. गर्दीत शिरताना माणूस बोलतो तसा झाला, जरा ओशाळा. “सरका ना जरा. जरा सरकून घ्या हो.”

कोणाला म्हणतोय हा? आत मुनीम एकटा होता. तेरा माणसांची लिफ्ट ती.

“भावजी!” मी ओरडले. “कोण आहे आत?”

मी फोन कानाला इतका दाबून धरला होता की कान दुखायला लागला. मग त्याच्याच आवाजात, पण त्याने मला कधीही न ऐकवलेल्या संथ सुरात, उत्तर आलं.

“एकच माणूस पाठवा.”

४

साहेब केबिनमधून बाहेर आले ते माझा आवाज ऐकून. आमचे साहेब मनाने वाईट नाहीत, पण पडद्यावर लाल दिसलं की त्यांचा जीव खालीवर होतो.

“दोन माणसं एका लिफ्टवर? आणि तुम्ही ओरडताय काय?”

मी सांगितलं. जेवढं कळलं होतं तेवढंच, तिखटमीठ न लावता. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“तिसरा पाठवा आणि मोकळ्या व्हा.”

“तेच तर हवंय त्याला.”

“कोणाला?”

मी अग्निशमन दलाला फोन लावला. तिथला माणूस बिचारा घायकुतीला आलेला, अर्ध्या शहरात झाडं पडली होती. “कोणी जखमी आहे का? नाही ना? बरं, आमचा एक माणूस पाठवतो बघायला.”

“नको!” मी म्हणाले. “पाठवायची तर सगळी गाडी पाठवा. एकटा माणूस नको.”

“बाई, गाडी कुठून आणू?” त्याने फोन ठेवला.

तेवढ्यात शहाण्याने कॉल जिराफला लावला. मी काढला. त्याने आमच्यातल्या सगळ्यात जुन्या मेकॅनिकला, वस्तादांना लावला. मी काढला. पुन्हा जिराफला. मी काढते, तो लावतो. अलार्मच्या फोनचा दिवा लुकलुकायला लागला, त्याच पत्त्यावरून. मी उचलला नाही. माझा दीर तिकडे, माझी जाऊ घरी त्याच्या वाटेकडे डोळे लावून, आणि मी इथे एका प्रोग्रामशी कुस्ती खेळत होते.

तेव्हा माझं डोकं चाललं. भीतीपोटी चाललं म्हणा हवं तर. ते जे काय होतं, ते दरवेळी एकच माणूस मागत होतं. दोन मागत नव्हतं. मुनीम एकटा गेला, नवरदेव एकटा गेला. आणि आमचा सगळा धंदाच माणसं एकेकटी पाठवण्यावर चालतो. सुटे ठिपके.

मग सुटे ठिपके ठेवायचेच नाहीत.

मी सगळ्यांना ‘जेवणाची सुट्टी’ लावून टाकली. सुट्टीवरच्या माणसाला शहाणा हात लावू शकत नाही. पडद्यावरचे हिरवे ठिपके एकदम करडे झाले. शहाणा गप्प बसला. नोकरीत इतकं समाधान मला पगारवाढीनेही मिळालेलं नाही.

“काय करताय तुम्ही?” साहेबांचा आवाज चिरकला.

“माझं काम.”

५

मोबाइल उचलला आणि एकेकाला धरलं. आत माणसं अडकलेल्या लिफ्टी सोडून चालणार नव्हतं. त्या आधी मोकळ्या व्हायच्या, मग सगळ्यांनी एका वेळी एका ठिकाणी पोचायचं, आणि मधल्या काळात कोणीही एकट्याने त्या इमारतीजवळ फिरकायचं नाही. पूल बंद, बाजारातला रस्ता बंद, दर घटकेला नवीन झाड आडवं.

“जिराफ, पेशंट निघाला का?”

“दार फोडतोय ताई! आला, आला... निघाला!” मागे वारा आणि माणसांचा गलका. ऐकून बरं वाटलं. “ताई, मला मुनीमचा फोन आला होता. एकच माणूस पाठवा म्हणत होता. मी जाऊ का?”

“खबरदार! पेट्रोल पंपावर ये. बाजारातून नको, शाळेमागच्या रस्त्याने. आणि पंपावर थांब.”

जोडगोळीला विचारलं तर दोघे एकदम बोलायला लागले. एक म्हणे मुलगी बाहेर आली, दुसरा म्हणे आई अजून आत आहे. “दोघी बाहेर आल्या की निघा. हातात हात घालून या हवं तर, पण एकत्रच या.”

राहिले वस्ताद. कंपनीची गाडी त्यांच्याकडे. त्यांना ऑफिसखालीच बोलावलं.

मग मी कानावरचे हेडफोन काढून साहेबांच्या हातात दिले. “खुर्ची सांभाळा.”

“मी? मला हे जमत नाही हो!”

“फोन उचलायचा, आत माणूस आहे का विचारायचं. असेल तर धीर द्यायचा. आणि या पत्त्यावरून दिवा लागला,” मी बोट ठेवलं, “तर जगबुडी झाली तरी उचलायचा नाही.”

मी जिना उतरले. इतकी वर्षं मी या शहरात माणसं पाठवली, स्वतः कधी कुठल्या कॉलवर गेले नव्हते.

वस्तादांनी गाडीत मला नीट न्याहाळलं. “ताई, भानगड काय आहे?”

मी सगळं सांगितलं. त्यांनी रस्त्यात आडवी पडलेली एक फांदी चुकवली. मग म्हणाले, “मुनीम पाठमोरा उभा होता?”

“हो.”

“तो लिफ्टमध्ये दाराकडे कधी पाठ करत नाही. दाराकडे तोंड करून काम करायचं, हे मीच शिकवलंय त्याला.” त्यांनी गाडीचा वेग वाढवला.

पंपावर जिराफ आणि जोडगोळी धुळीने माखून उभे होते. वस्तादांनी गाडीतून दोर आणि कमरेचे पट्टे काढले. उंचावर काम करताना बांधतात ते. सगळे एकाच दोरात अडकलो. मीसुद्धा, साडीवर पट्टा कसून.

“आत गेल्यावर बोलणं थांबवायचं नाही,” मी म्हणाले. “काहीही बोला, पण बोला.”

“भांडलं तर चालेल?” जोडगोळीतल्या एकाने विचारलं.

“उत्तम.”

६

उंबरा ओलांडला आणि वारा पुसला गेला. मागे दार उघडंच होतं, बाहेर कागद, पानं, धूळ गरगर फिरताना दिसत होती, पण आवाजाशिवाय. काचेच्या पेटीतला देखावा असावा तसा. आत दुपारचा उजेड, भिंतीवर उखडलेला रंग, एका कोपऱ्यात रचून ठेवलेल्या खुर्च्या. भीती वाटावी असं काही नव्हतं. मला तेच सोसवेना.

जोडगोळी भांडायला लागली. पक्कड कोणी हरवली यावरून. त्यांचे आवाज भिंतीला लागून परत येत नव्हते, तोंडातून निघाले की तिथेच विरत होते. वस्ताद मध्येच दटावत होते, जिराफ पायऱ्यांना शिव्या घालत होता. मी माझ्या दिराला हाका मारत होते. असे आम्ही वरातीसारखे चौथ्या मजल्यावर पोचलो.

लिफ्टचं दार बंद होतं. आतून टकटक झाली. घाईची नव्हे, पाहुण्याने करावी तशी.

“एकच माणूस आत या,” आतून मुनीमचा आवाज आला. लगेच नवरदेवाचा. “एकच माणूस.” मग आणखी एक, मी न ओळखलेला. आणि एक बाईचा.

जिराफ नकळत एक पाऊल पुढे गेला. दोर ताणला गेला आणि तो थांबला.

मला कुठून बळ आलं माहीत नाही. दारावर थाप मारून मी ओरडले, “एकटं कोणी आलेलं नाही इथे! सगळे आलोत!”

टकटक थांबली.

वस्तादांनी दोराचं टोक जिन्याच्या कठड्याला बांधलं, लिफ्टचं दार बाहेरून उघडायची त्रिकोणी चावी घालून दार सरकवलं.

दोघे आत होते. मागच्या भिंतीकडे तोंड करून. पण ते ज्या तऱ्हेने उभे होते, ते मी विसरणार नाही. खच्चून भरलेल्या लिफ्टमध्ये माणूस उभा राहतो तसे. खांदे आवळलेले, हात छातीशी दुमडलेले, टाचा उचललेल्या. नवरदेवाचा गाल पत्र्यावर दाबून चपटा झाला होता. त्यांच्याभोवती सगळी लिफ्ट रिकामी होती, आणि बटणांच्या वर ओव्हरलोडचा लाल दिवा पेटलेला होता.

मागच्या भिंतीचा पत्रा जुना, घासून मंद झालेला. त्यात या दोघांचं अंधुक प्रतिबिंब होतं. आणि त्यांच्यामागे, दाराच्या उंबऱ्यापर्यंत, डोक्याला डोकं लागून...

मी नजर काढून घेतली. पुढचं मी पाहिलं नाही, आणि पाहिलं असेल तर मला आठवायचं नाही.

“आत पाय टाकायचा नाही!” वस्ताद म्हणाले. “जिराफ, तुझेच हात पोचतील.”

जिराफ उंबऱ्याबाहेर पाय रोवून कमरेत वाकला. मागून वस्तादांनी त्याला धरलं, वस्तादांना जोडगोळीने, जोडगोळीला मी. त्याचे हात आत गेले आणि मध्येच अडले. हवेतच अडले. तो गर्दीतून हात घालावा तसा, कोपराने वाट काढत, पुढे सरकवू लागला. त्याच्या कपाळावरची शीर तट्ट फुगली होती.

“मिळाला! कॉलर मिळाली!”

“ओढा!”

आम्ही ओढलं. बाटलीतून बूच निघावं तसा नवरदेव निघाला आणि आमच्या अंगावर कोसळला. मग मुनीम. तो जड गेला. दोनदा बाहेर आला आणि दोनदा मागे खेचला गेला. तिसऱ्या वेळी जोडगोळी भांडण विसरून एका सुरात ओरडली, माझ्या तळहातांची सालं निघाली, आणि मुनीम बाहेर आला.

लिफ्टचं दार आपोआप लागलं. आतून हलकेच, तक्रारीच्या सुरात, कोणीतरी काहीतरी म्हणालं. आम्ही ऐकायला थांबलो नाही.

“खाली नको, वर चला,” वस्ताद म्हणाले. “मशीन रूममध्ये. ही अशी मध्ये लटकत ठेवायची नाही.”

दोघांना खांद्यावर घेऊन आम्ही गच्चीवरच्या मशीन रूममध्ये गेलो. तिथे लिफ्टचं मोठं चाक असतं आणि ब्रेक. लिफ्टच्या दोराच्या दुसऱ्या टोकाला वजन टांगलेलं असतं, रिकाम्या लिफ्टपेक्षा जड. म्हणून ब्रेक हाताने सोडला की रिकामी लिफ्ट वर येते. लिफ्टवाल्यांचं हे पहिलं शिक्षण.

वस्तादांनी मेन स्विच पाडला आणि दांडा दाबून ब्रेक सोडला.

लिफ्ट खाली गेली. जड, भरलेली लिफ्ट जाते तशी, चाक कण्हत होतं. खूप खालून धप्प आवाज आला. वस्तादांनी ब्रेक आवळला, मेन फ्यूज काढून खिशात घातले, आणि कोणाकडेही न बघता मशीन रूमचं बाहेरचं दार लाथेने उघडलं.

वारा अंगावर आला! धूळ, पालापाचोळा, कुठल्यातरी पत्र्याचा धडधडाट, दूरवरचे हॉर्न. आम्ही गच्चीवर उभे राहून वेड्यासारखे ओरडत सुटलो. नवरदेव माझ्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडला, मग नाक पुसून म्हणाला, “वहिनी, आत खूप गर्दी होती हो.” मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. पुढे काही विचारलं नाही, आणि घरात आजही कोणी विचारत नाही.

मुनीम मात्र बोलला नाही. डोळे उघडे, श्वास चालू, पाणी दिलं तर पीत होता. पण शब्द नाही.

७

दवाखान्यात डॉक्टरांनी दोघांना तपासलं. अंगभर दाबल्याचे वळ होते, बाकी सगळं ठीक. मुनीम बोलेल, घाई करू नका, म्हणाले. त्याची बायको आली, हात धरून बसली. घरी चला म्हणाली तर त्याने मान हलवली आणि हत्यारांची पिशवी उचलून आमच्या गाडीत येऊन बसला. मग तीही त्याच्याशेजारी बसली. मी नको म्हणाले नाही. त्या दिवशी कोणाला एकटं घरी सोडायची माझी छाती नव्हती.

साहेबांचा फोन आला. त्यांनी किल्ला लढवला होता. घसा पार बसला होता, पण अडकलेलं कोणी उरलं नव्हतं. “आता एकच कॉल आहे. सहा मजली इमारत, लिफ्ट नुसती बंद. एक आजी खाली बसून आहेत, जिना चढवत नाही त्यांना. कोणाला पाठवू?”

“सगळ्यांना,” मी म्हणाले.

आजी पायऱ्यांजवळ स्टुलावर बसल्या होत्या, मांडीवर भाजीची पिशवी. गाडीतून उतरणारी ही फौज पाहून त्यांनी पदर सावरला. “अगं बाई! एका लिफ्टला एवढी माणसं?”

काम किरकोळ होतं. एक रिले, म्हणजे आतला छोटा विजेचा स्विच, बदलायचा होता. वस्तादांनी तो बदलला. मुनीमने स्क्रू फडक्यावर ओळीने मांडले. सगळ्यांनी ते पाहिलं. दिवा लागला, लिफ्ट खाली आली, दार उघडलं. आत स्वच्छ पिवळा उजेड होता.

आजी उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि थबकल्या. “मला एकटीला भीती वाटते बाई. बंद पडली तर? चला कोणीतरी बरोबर.”

आमच्यातलं कोणी हललं नाही. नवरदेवाने माझा हात घट्ट धरला. वस्तादांनी घसा खाकरला, जिराफने छताकडे पाहिलं. मीच पुढे व्हावं म्हणून पाय उचलला तोच मुनीम उठला. त्याने आजींच्या हातातली पिशवी घेतली, त्यांना आधी आत जाऊ दिलं, मग स्वतः गेला आणि वळून दाराकडे तोंड करून उभा राहिला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्याने सहाचं बटण दाबलं.

दार लागलं.

“जिना!” त्याची बायको ओरडली, आणि आम्ही सुटलो. सगळेच. वस्ताद गुडघ्याचं दुखणं विसरले, जोडगोळी एकमेकांना ढकलत, जिराफ तीन-तीन पायऱ्या गाळत, मी साडीचा घोळ हातात धरून. भिंतीपलीकडे लिफ्ट आमच्याबरोबर चढत होती, तिची घरघर ऐकू येत होती, आणि जिन्याच्या प्रत्येक खिडकीतून वारा आत घुसत होता. लोक दारं उघडून बघायला लागले. मुनीमची बायको सगळ्यांच्या पुढे होती.

सहाव्या मजल्यावर आम्ही भिंतीला धरून उभे राहिलो. घरघर थांबली. घंटी वाजली.

दार उघडलं. आजी हसत बाहेर आल्या. त्यांच्यामागून मुनीम आला, एका हातात भाजीची पिशवी. त्याने आमच्याकडे, एकेकाच्या घामेजल्या तोंडाकडे पाहिलं. त्याचे ओठ हलले. मग घसा साफ करून तो म्हणाला,

“एवढ्या धापा कशाला टाकताय? लिफ्ट चालू आहे की.”